बिळवासी सापसुरळीचे नामकरण : एक संवाद

सरड्यांच्या सर्व कुळांत जातींच्या संख्येने सर्वांत मोठे असलेले कुळ सापसुरळ्यांचे असून, सिंसिडी या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुळातील सतराशेहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे. त्यांपैकी अनेक जाती दगडाखाली, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात किंवा जमिनीच्या वरच्या भुसभुशीत थरात आयुष्य काढतात. ज्या जवळजवळ कायम मातीतच राहतात त्यांना बिळवासी आणि ज्या खाण्यासाठी किंवा विणीच्या काळात वर येतात त्यांना अर्धबिळवासी म्हटले जाते. या राहणीच्या खुणा त्यांच्या शरीरावर स्पष्ट असतात: खवले गुळगुळीत आणि मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले, खवल्यांच्या आत हाडाच्या बारीक चकत्यांचे कवच, मान जवळजवळ नाहीशी झालेली, पाय आखूड, कानाचे छिद्र लहान, आणि काही जातींत खालच्या पापणीत पारदर्शक चकती, जिच्यामुळे माती डोळ्यात न जाऊ देताही प्राण्याला उजेड-अंधार कळत राहतो. खेड्यापाड्यांत या प्राण्याला ‘सापाची मावशी’ म्हणतात आणि विषारी समजून मारतात. वास्तविक भारतातील एकही सापसुरळी विषारी नाही.

या गटाचा भारतातील अभ्यास तुटक-तुटक झालेला आहे. बेडोम या लष्करी अधिकारी असलेल्या निसर्गाभ्यासकाने १८७० मध्ये पूर्व घाटातून सेप्सॉफिस पंक्टॅटस ही पाय नसलेली सापसुरळी वर्णिली आणि तिचा पुन्हा पत्ता लागला तो सुमारे एकशे चाळीस वर्षांनी. भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी १९१७ मध्ये चिल्का सरोवरातील बरकुडा बेटावरून बरकुडिया इन्सुलॅरिस वर्णिली, तीही बिनपायांची. महाराष्ट्राच्या वाट्याला १९७० मध्ये पुण्याजवळच्या कात्रज घाटातील सापसुरळी आली, जी आज युरिलेपिस पूनाएन्सिस या नावाने ओळखली जाते, आणि तिचे वर्णन करणाऱ्या आर. सी. शर्मा यांनीच १९७६ मध्ये गोव्यातील एका लहान सापसुरळीला गोआएन्सिस हे नाव दिले. ही गोव्याची जात पुढे रिओपा, लायगोसोमा, सबडोल्युसेप्स अशा गणांतून फिरत राहिली (गण म्हणजे निकट नात्याच्या जातींचा समूह). अखेर २०२४ मध्ये ईशान अगरवाल, तेजस ठाकरे आणि अक्षय खांडेकर यांनी जनुकीय व शारीरिक पुराव्यांच्या आधारे द्रविडोसेप्स हा नवा गण उभा केला, गोव्याची, निलगिरीची आणि प्रुथी या नावाची अशा तीन जुन्या जाती त्यात आणल्या आणि तमिळनाडूतील पाच नव्या जातींचे वर्णन केले. त्यांपैकी एकीचे नाव जिंजीवरून ठेवलेले आहे. राजाराम महाराजांनी ज्या किल्ल्याच्या आश्रयाने मोगलांशी झुंज दिली तीच ही जिंजी, एवढे मराठी वाचकास सांगितले की पुरे.

अशा वेळी दख्खनच्या पठारावर काय घडू शकते, हा प्रश्न कन्नड तालुक्याच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतो. कन्नड हे अजिंठा डोंगररांगेच्या माथ्यावरचे गाव असून, उत्तरेकडे औट्रम घाट उतरला की चाळीसगाव आणि गिरणेचे खोरे लागते, म्हणजे तिकडचे पाणी तापीला मिळते. दक्षिणेकडचे पाणी मात्र शिवना नदीतून गोदावरीला जाते. या दोन खोऱ्यांच्या सीमेवर, १९८६ मध्ये घोषित झालेले आणि सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, ज्यात शुष्क पानझडी जंगल, पितळखोऱ्याची लेणी कोरलेला बेसाल्ट खडक, उतारांवरची मुरमाड बरड जमीन आणि खाली काळी माती असे जमिनीचे निरनिराळे प्रकार थोड्या अंतरात भेटतात. पुढील संवाद कल्पित असून त्यातील दोन्ही पात्रे प्रातिनिधिक आहेत: एक सरीसृपांचे वर्गीकरण करणारी संशोधिका आणि दुसरे तालुक्यातील एका गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर असलेले निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते.

संशोधिका : गुरुजी, ठिपकेदार सापसुरळीला लिनीअसने १७५८ मध्ये नाव दिले, ते आज रिओपा पंक्टॅटा असे लिहिले जाते, आणि जवळजवळ सगळे भारतीय द्वीपकल्प व श्रीलंका एवढ्या प्रदेशातील प्राणी या एका नावाखाली नोंदवले गेले. पाखरू डोंगर ओलांडते, बिबट्या एका रात्रीत तालुका पालटतो. मातीत राहणारा बोटभर प्राणी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर किती पिढ्यांत जाईल, याचा अंदाज बांधला तरी एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात एकच जात असावी, हे गृहीत तपासून पाहावेसे वाटते. ते तपासले नाही, तर एखाद्या रांगेपुरती उरलेली जात ‘सर्वत्र आढळते’ या शेऱ्याखाली नाहीशी होईल आणि तिची नोंदही राहणार नाही.

गुरुजी : गृहीत तपासावे, याबद्दल वाद नाही, मॅडम. पण तपासणी कशी होते ते पाहावे लागेल. एक नमुना साताऱ्याकडचा, एक कन्नडचा, एक विदर्भातला. तिघांत फरक दिसला की तीन जाती. मधल्या दोन-तीनशे किलोमीटरमधल्या शेताशिवारांत कोणी पाहिलेच नसेल, तर फरक हळूहळू बदलत गेला की एका जागी तुटला, हे कोणत्या आधारावर सांगता येईल?

संशोधिका : आक्षेप योग्य आहे आणि बिळवासी प्राण्यांच्या बाबतीत तो अधिकच लागू पडतो. जातींमधील अंतर मोजण्यासाठी बहुतेक वेळा तंतुकणिकेतील जनुके वापरली जातात; तंतुकणिका हा पेशीत ऊर्जा निर्माण करणारा घटक असून त्याची जनुके केवळ आईकडून येतात. माद्या जर जन्मल्या त्याच उतारावर राहत असतील, तर एकाच जातीतही दूरदूरच्या माद्यांच्या वंशांत अंतर साठत जाते आणि ते अंतर नव्या जातीएवढे भासू शकते. म्हणूनच केंद्रकातील जनुके, जी दोन्ही पालकांकडून येतात, आणि शरीराच्या मध्यावरील खवल्यांच्या रांगा, पायाच्या चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या, डोक्यावरील ढालींची रचना या सर्वांचा कौल एकाच बाजूला पडावा लागतो.

गुरुजी : आणि नाही पडला तर?

संशोधिका : तर थांबावे लागते. सगळेच थांबतात असे नाही.

या कबुलीनंतर वर्गीकरणावरील सर्वसाधारण आक्षेपात फारसे बळ उरत नाही, कारण दोष पद्धतीचा नसून घाईचा ठरतो. दोन ठिकाणांमधील मोकळी जागा हीच बिळवासी प्राण्यांच्या अभ्यासातील खरी उणीव असून, ती भरून काढण्यासाठी लागणारी चिकाटी नव्या नावाच्या बातमीइतकी आकर्षक नसते.

गुरुजी : दुसरी गोष्ट मारण्याची. नव्या जातीची घोषणा होते तेव्हा त्या जातीचे काही प्राणी बाटलीत बंद झालेले असतात. दुर्मीळ म्हणून नाव द्यायचे आणि नाव देण्यासाठी त्यांतलेच उचलायचे, हे गावकऱ्यांना पटवून देणे कठीण जाते. आज प्रत्येकाच्या खिशात चांगला कॅमेरा आहे, शेपटीच्या टोकाचा कण घेऊनही जनुके तपासता येतात. मग प्राणी सोडून का देऊ नये?

संशोधिका : नाव ज्या एका नमुन्याला कायमचे जोडले जाते त्याला होलोटाइप म्हणतात, आणि प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार २००० सालापासून नव्या जातीसाठी असा नमुना स्पष्टपणे नेमणे बंधनकारक आहे. प्राणी न मारता नाव देण्याचा प्रयोग झालेला आहे. सोमालियात १९८८ मध्ये एक अनोळखी पक्षी सापडला. तो दुर्मीळ असावा म्हणून काही काळ पिंजऱ्यात ठेवून, रक्त व पिसे घेऊन सोडून दिला गेला आणि १९९१ मध्ये लॅनिएरियस लिबरॅटस या नावाने त्याचे वर्णन झाले. पुढे २००८ मध्ये जनुकीय तपासणीवरून तो पक्षी आधीच ज्ञात असलेल्या जातीचा केवळ वेगळ्या रंगाचा अवतार ठरला. पक्ष्याचा रंग तरी डोळ्यांना दिसतो. सापसुरळीत फरक असतो तो टाळूच्या ढालींच्या शिवणींत, कवटीच्या हाडांत, पोटाकडील खवल्यांत, आणि आज जे लक्षण निरर्थक वाटते ते पन्नास वर्षांनी निर्णायक ठरू शकते. सेप्सॉफिस इतक्या वर्षांनी पुन्हा दिसली तेव्हा ती तीच आहे हे ओळखता आले, कारण बेडोमचे वर्णन नमुन्यावर आधारलेले होते.

गुरुजी : एक नमुना समजू शकतो. पंधरा कशासाठी?

संशोधिका : नर, मादी, पिल्लू यांतील फरक कळण्यासाठी काही लागतात; एखाद्या जातीत पिल्लाची शेपटी लाल असते आणि मोठ्या प्राण्याची नसते, हे ठाऊक नसेल तर एका जातीच्या दोन होतील. संख्या किती, हे मात्र ज्याने त्याने स्वतःपुरते ठरवू नये. अभयारण्यात तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय एकही प्राणी हलवता येत नाही.

नमुन्याच्या प्रश्नावर संशोधिकेची बाजू अधिक भक्कम आहे, असा निर्वाळा द्यावा लागतो. एका नांगरटीत किंवा एका वणव्यात जितक्या सापसुरळ्या नष्ट होतात त्यांच्यापुढे संग्रहालयातील नमुने नगण्य असतात, हा नेहमीचा युक्तिवाद संशोधिकेने केला नाही, हेही योग्यच. कारण दुसऱ्याची हानी मोठी असल्याने आपली हानी समर्थनीय ठरत नाही. नमुन्याचे समर्थन त्याच्या उपयोगावरच उभे राहिले पाहिजे आणि ते तसे उभे राहते.

गुरुजी : आता ठिकाणाचे बोलू. मांडूळ हा सापही मातीत राहणारा, निरुपद्रवी. त्याला दोन तोंडे असतात, तो धन दाखवतो, अशा भाकडकथांवर लाखोंचे व्यवहार होतात आणि पोलीस वरचेवर माणसे पकडतात. अमुक गावाच्या अमुक टेकडीवर जगात कुठेच नाही असा प्राणी आहे, असे अक्षांश-रेखांशांसह छापून आले, तर पहिला वाचक अभ्यासकच असेल याची खात्री कोण देणार?

संशोधिका : अशी खात्री देता येत नाही. दक्षिण चीनमधील गोनियुरोसॉरस लुई ही पाल १९९९ मध्ये वर्णिली गेली, हौशी संग्राहकांत तिला मोठी किंमत येऊ लागली आणि मूळ ठिकाणी ती उरली नाही. हा इशारा २००६ मध्ये शास्त्रज्ञांनीच जाहीरपणे दिला. परंतु ठिकाण पूर्ण लपवले, तर पुढचा अभ्यासक तेथे जाऊन वर्णन पडताळू शकत नाही, आणि जे पडताळता येत नाही ते शास्त्र राहत नाही.

गुरुजी : लपवायला कोणी सांगत नाही. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याच्या ३९व्या कलमानुसार, नवी जात कोणालाही सापडली तरी शासनाने नेमलेल्या भांडाराला कळवावे लागते आणि नमुना तेथे जमा करावा लागतो. त्याच कायद्याच्या ४१व्या कलमाने गावोगाव समित्या आल्या आणि लोकजैवविविधता नोंदवही आली. भांडाराला कळते, परदेशी वाचकाला कळते. ज्या टेकडीचे नाव छापले जाते त्या टेकडीच्या ग्रामपंचायतीला मात्र कळतेच असे नाही. नेमके अक्षांश-रेखांश भांडारात आणि समितीकडे असावेत, छापील लेखात तालुका व डोंगररांग पुरेशी व्हावी. ज्याला पडताळायचे आहे त्याने गावात येऊन विचारावे.

संशोधिका : समितीकडे दिलेली माहिती समितीबाहेर जाणार नाही, हे कोण पाहणार?

गुरुजी : ते गावाला पाहावे लागेल, मॅडम. मांडुळाच्या बाबतीत गाव कमी पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

येथपर्यंत चर्चा नावाभोवती फिरत राहिली. तिचे सर्वांत मोलाचे वळण मात्र मातीकडे वळल्यानंतर आले. गुरुजींनी एक साधा प्रश्न विचारला: मातीत राहणाऱ्या प्राण्याला पाय अडचणीचे असतील, तर पूर्व घाटातील आणि चिल्कातील सापसुरळ्यांनी ते टाकले असताना, या भागातील सापसुरळ्यांनी आखूड का होईना, ते टिकवून का ठेवले आहेत?

संशोधिका : याचे पूर्ण उत्तर या भागासाठी कोणी शोधलेले नाही, पण दिशा दाखवणारी दोन उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियातील लेरिस्टा या गणात पाच बोटांच्या पायांपासून पाय मुळीच नसलेल्या शरीरापर्यंत सर्व पायऱ्या आजही जिवंत जातींत दिसतात, आणि पाय नाहीसे होण्याची क्रिया त्या एकाच गणात अनेकदा, स्वतंत्रपणे घडलेली आहे. दुसरे उदाहरण फिलिपिन्समधील ब्रॅकिमेलीस या गणाचे असून ते अधिक चकित करणारे आहे. फिलिप बर्गमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे मांडले की, या गणाच्या पूर्वजांनी सुमारे ६.२ कोटी वर्षांपूर्वी पाय गमावले आणि सुमारे २.१ कोटी वर्षांपूर्वी, मोसमी पावसाचा जोर वाढून जमीन ओली झाल्यावर, त्यांतील काही शाखांत पाय पुन्हा आले; कारण कोरड्या, सैल मातीत बिनपायांचे शरीर सहज पोहत जाते, तर ओल्या, चिकट मातीत पायांचा रेटा उपयोगी पडतो.

गुरुजी : मग काळ्या मातीचा विचार व्हायला हवा. ती पावसाळ्यात फुगते, तिच्यात बोट जात नाही. उन्हाळ्यात वाळून दगडासारखी होते आणि हात-हातभर भेगा पडतात. त्या भेगांत सापसुरळ्या, बेडूक, विंचू, सगळे उतरतात. म्हणजे येथे बीळ खोदण्यापेक्षा तयार भेग शोधण्यालाच महत्त्व. बरडावर तर मुरूम, तिथे खोदणे नाहीच, दगडाखालची फट. फटीत चालायला पाय लागत असतील.

संशोधिका : ही कल्पना तपासण्याजोगी आहे. मातीतील ओलावा, कणांचा आकार आणि भेगांची खोली मोजून, त्याच जागेतील प्राण्यांच्या पायांच्या लांबीशी तुलना करता येईल. नव्या जातीच्या वर्णनात असे मोजमाप क्वचितच असते, हे मान्य केले पाहिजे.

या ठिकाणी दोन्ही पक्षांना सोडून एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. नव्या सापसुरळीच्या वर्णनात खवल्यांची गणती पानेच्या पाने चालते, जनुकांचा वंशवृक्ष येतो, संग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी तुलना येते, आणि अधिवासासाठी बहुधा ‘पालापाचोळ्यात, दगडाखाली’ एवढे दोन-तीन शब्द येतात. झाडावरील पक्ष्याच्या बाबतीत ही त्रुटी चालून जाईल. बिळवासी प्राण्याच्या बाबतीत मातीचा तपशील हा वर्णनाचा गाभाच आहे, कारण त्या प्राण्याची हद्द, हालचाल, खाणे आणि देहाची घडण हे सर्व मातीनेच ठरवलेले असते. कोणत्या मातीत प्राणी आहे हे जसे लिहावे, तसे लगतच्या कोणत्या मातीत शोधूनही तो मिळाला नाही हेही लिहावे, म्हणजे गुरुजींच्या पहिल्या आक्षेपातील मधली मोकळी जागा काही अंशी आपोआप भरून निघेल. अशा वर्णनासाठी संशोधिकेची परिभाषा पुरेशी नाही आणि गुरुजींचा अनुभवही एकटा पुरेसा नाही.

गुरुजी : माती लिहिली तरी माती राहणार आहे का, हा पुढचा प्रश्न. या तालुक्यात अद्रकाचे पीक वाढले. त्यासाठी जमीन खोल नांगरून, रोटाव्हेटर फिरवून गादीवाफे करतात, दगड वेचून काढतात, हुमणी आणि उधईसाठी दाणेदार औषधे टाकतात. सापसुरळीचे खाणे काय? तीच उधई, त्याच अळ्या. बांध दरवर्षी वीतभर कमी होतो. टेकडीचा मुरूम रस्त्यांना जातो. यांतले काहीही नव्या लॅटिन नावाने थांबलेले दिसत नाही.

संशोधिका : नाव मुरमाची गाडी थांबवत नाही, हे खरे. परंतु घाटातल्या बोगद्यासारखा प्रकल्प आला, की त्याच्या परिणामांचा अहवाल तयार होतो आणि त्या अहवालात प्राण्यांची यादी शास्त्रीय नावांनीच लिहिली जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतही नावांशिवाय जागा मिळत नाही. ज्या प्राण्याला नाव नाही, त्याचे नुकसान कोणत्याही रकान्यात बसत नाही.

गुरुजी : रकान्यात बसलेल्यांचेही नुकसान होतच असते.

संशोधिका : होते, पण त्याबद्दल दाद मागता येते.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांत एकमत झाले नाही आणि ते होण्याची आवश्यकताही नाही. कायद्याच्या भाषेत नाव अपरिहार्य आहे, हे संशोधिकेचे म्हणणे निर्विवाद होय. तथापि अर्धबिळवासी प्राण्यांचा मोठा भाग अभयारण्याच्या सीमेबाहेर, खासगी शेतांच्या बांधांवर व गायरानांत राहतो, जेथे अभयारण्याचे नियम पोहोचत नाहीत, हे गुरुजींच्या बोलण्यातून निघणारे तथ्यही तितकेच निर्विवाद आहे. अद्रकाच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला न दिसणाऱ्या प्राण्यासाठी पीक सोडावयास सांगणे अन्यायाचे ठरेल. बांधावरची दगडांची रास तशीच ठेवणे मात्र त्याला फारसे महाग पडत नाही.

कन्नड तालुक्यातील शिक्षक, शेतकरी आणि वनकर्मचारी यांच्याकडे म्हणून एवढेच मागणे आहे: दगड उचलताना किंवा नांगरताना सापसुरळी दिसली तर तिला मारू नये, पकडूही नये, तारीख, शिवाराचे नाव, माती काळी की मुरमाड, ओली की कोरडी, आणि जमल्यास डोक्याचे व बाजूचे एक-एक छायाचित्र, अशी नोंद आपल्या गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत करावी, आणि उचललेला दगड होता त्याच जागी, होता त्याच बाजूने परत ठेवावा.